वजनकाटा: उन्हाळाभर वापरून आणि भांडून झाल्यावर

दिसायला मस्त, ॲप चालतं, ते सगळं बाकीच्यांनी लिहिलंच आहे. मी मुख्यतः काट्याच्या मेमरीबद्दल (आधीचा आकडा लक्षात ठेवते ती) लिहितो, कारण तिच्यापायी आमच्या अंबाझरीच्या वॉकिंग ग्रुपात दोघं जण अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत.

ग्रुपात वजन कमी करायची स्पर्धा लागली, जिंकणाऱ्याला बाकीच्यांनी सावजी खाऊ घालायचं (हो, कळतंय). काटा माझा. एका भाऊचं वजन आलं 84.6, तो म्हणे खिशात मोबाईल अन् चाव्या होत्या. काढून पुन्हा चढला, तरी 84.6! सगळे म्हणाले बघ बे, काटा पक्का आहे. पक्का कसला, घरी पाव लिटरची बाटली हातात घेऊन चढलो तरी आकडा हलेना. फरक थोडा असला की हा जुनाच आकडा पुन्हा दाखवतो. कस्टमर केअरला फोन केला तर "सपाट फरशीवर ठेवा". अरे फरशीवरच आहे ना भाऊ!

तेव्हा एकच स्टार देणार होतो. मग जुगाड सापडला, मधे 20 लिटरची भरलेली कॅन ठेवायची, आकडा येऊ द्यायचा, मग माणूस चढवायचा. आता खरं वजन येते. म्हणून तीन स्टार.

काटा अंगातल्या चरबीचा टक्का पण दाखवतो, स्पर्धेत त्या फॅट टक्क्यावर मार्क देऊ नका. तळपायातून बारीकसा करंट सोडून तो अंदाज काढतो, अंगात पाणी कमी असलं की चरबी जास्त दाखवतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात वॉकवरून आलेल्या माणसात पाणी असते कुठं? त्याच घामानं वजन मात्र किलोभर कमी दिसते, एकानं तर शेवटच्या दिवशी पाणीच सोडलं होतं. म्हणून आम्ही सकाळी उपाशीपोटी, लागोपाठ तीन दिवसांची सरासरी धरतो, सुरुवातीला पण अन् शेवटी पण.

मार्क किती किलो उतरले त्यावर नाही, आधीच्या वजनाच्या किती टक्के उतरले त्यावर. 118 किलोवाल्यानं 6 किलो उतरवले म्हणजे 5.1 टक्के. 62 किलोच्या वहिनींनी साडेतीनच उतरवले, पण ते 5.6 टक्के होतात. 118 वाला आता म्हणून राहिला की टक्क्याचं आधी काहून नाही सांगितलं. ग्रुपवर पहिल्याच दिवशी टाकलं होतं, त्यानं अंगठा पण दिला होता. बिल त्याच्याकडून घेणारच.