पंप वाढवला, एक हंगाम ओढला: वॉशरसकट सगळा हिशेब

ट्रॅक्टरचा डिझेल पंप वाढवला, म्हणजे इंजिनात जास्त डिझेल जाईल असा करून घेतला, त्याचा हा हिशेब. सुरुवात वॉशरपासून करतो, कारण पाच महिन्यांत माझं सगळ्यात जास्त डोकं त्यानंच खाल्लंय. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपाला (मोठ्या पंपाकडे डिझेल ढकलणाऱ्या छोट्या पंपाला) जिथं मिळतो, तिथल्या बँजो बोल्टच्या (मधून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही अंगांना तांब्याचा एकेक वॉशर असतो. पंप वाढवून परत बसवला त्या दिवसापासून तिथं ओल धरली. धार नाही, ओल. सकाळी बोट फिरवलं की बोटाला डिझेल. पंप वाढवून देणाऱ्या मेस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "पाव्हणं, पंप कसा चाललाय ते सांगा की! ओलीचं काय घेऊन बसलाय?"

बरं, आधी पंपाचं सांगतो.

ट्रॅक्टर २०१५ चा, ५० एचपी, तीन सिलिंडर, टर्बो (जादा हवा आत कोंबणारा पंखा) नाही, इनलाइन पंप (सिलिंडरागणिक एक प्लंजर, सगळे एका रांगेत). काम वारणाकाठच्या ऊस वाहतुकीचं. कारखाना १९ किलोमीटर, मध्ये एक खिंड. मागं दोन ट्रॉल्या, मिळून सोळा-सतरा टन ऊस. दोन हंगामांपासून खिंडीत ट्रॅक्टर दम टाकायला लागला होता. तिसऱ्यात घेतला की निम्म्या चढावर घुसमटायचा आणि मग दुसऱ्यावर यावं लागायचं. भरल्या दोन ट्रॉल्या मागं असताना चढात थांबून गिअर बदलणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. एक जण दगड घेऊन चाकामागं पळतोय, मागचा ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि आपला पाय ब्रेकवर थरथरतोय.

पुतण्या दिवसभर मोबाईलवर पंजाब-हरियाणाकडच्या टोचनचे व्हिडिओ बघत असतो. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून एकमेकांना ओढतात आणि सायलेन्सरातून काळा लोट निघतो. त्याचं रोज एकच, "काका, आपला पण पंप वाढवू की." नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नव्हती. शिवाय २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम ४ (धुराचा सरकारी नियम) लागू झाल्यापासून त्यातल्या बहुतेकांत कॉमन रेल आणि ईसीयू, म्हणजे संगणकावर चालणारं डिझेल इंजेक्शन, आलंय. म्हणजे बिघाड झाला की आधी लॅपटॉपवाला शोधा. आपला जुना पंप स्क्रूड्रायव्हरला तरी ऐकतो. नोव्हेंबरात कारखान्याचं बॉयलर पेटायच्या आधी पंप उतरवून तालुक्याला नेला. (पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण आमच्याकडे पंप म्हटलं की अजून मायकोच.)

तिथं काय झालं ते थोडक्यात. डिझेल इंजिनाला हवा पूर्णच मिळत असते, ताकद ठरते ती डिझेल किती जातं यावर. इनलाइन पंपात प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) वरखाली तेवढाच होतो, पण त्याच्या अंगाला तिरकी खाच असते. रॅक (दातेरी पट्टी) सरकला की प्लंजर फिरतो आणि खाचेमुळं डिझेल आधी सुटायचं की उशिरा, ते बदलतं. रॅक शेवटी किती पुढं जाऊ शकतो ते एक स्क्रू ठरवतो, आणि त्या स्क्रूवर कंपनीची तार आणि शिशाचा शिक्का असतो. मेस्त्रींनी पकडीनं ती तार कट् केली. शिक्का मी खिशात टाकला. का टाकला, माहीत नाही.

त्यांनी मला मोठे एलिमेंटही (प्लंजर आणि त्याचं नळकांडं) दाखवले. ९ मिलिमीटरच्या जागी १० चे. एक मिलिमीटर ऐकायला काही नाही, पण क्षेत्रफळ वर्गात वाढतं, म्हणजे जवळपास २३ टक्के जादा डिझेल. टर्बो नसलेल्या इंजिनात तेवढं डिझेल जाळायला हवा आणायची कुठून? गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग कडक करून आरपीएमही वाढवून देतो म्हणाले. दोन्हीला नको म्हटलं. आरपीएम वाढले की पीटीओही (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट) पळतो, आणि पळत सुटलेलं डिझेल इंजिन मी एकदा लांबून बघितलंय, जवळून बघायची हौस नाही. फक्त स्क्रू, तीन नवे नोझल (डिझेलचा फवारा मारणारे) आणि टायमिंग (डिझेल सुटायची वेळ), एवढंच ठरलं.

टेस्ट बेंचवर (पंप फिरवून डिझेल मोजायच्या यंत्रावर) काचेच्या तीन नळ्या होत्या, सिलिंडरागणिक एक. पंप आला तसा लावला तेव्हा हजार स्ट्रोकला ५७, ५२ आणि ४७ सीसी पडले. कंपनीच्या तक्त्यात ५८ होते. वाढवून तिन्ही ६६ वर नेले. दोन्ही वेळचे फोटो पुतण्यानं काढले. हे फोटो लक्षात ठेवा.

खर्च: पंपाचं काम ६,५००, नोझल ३,९००, किरकोळ ८००. एकूण ११,२००. त्या किरकोळात वॉशर होते की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही.

डिसेंबरात मी जे लिहून ठेवलं होतं ते जसंच्या तसं देतो:

"मानलं. खिंड तिसऱ्या गिअरमध्ये, न थांबता. दगडवाला पोरगा ट्रॉलीवर बसून गाणी ऐकतोय. पाणी दिलेल्या रानातून भरली ट्रॉली बाहेर काढायला आधी दुसरा ट्रॅक्टर लावायला लागायचा, आता एकटाच काढतो. खेपेला वीसेक मिनिटं वाचतात. डिझेल खेपेला साडेबारा लिटर लागायचं, आता साडेचौदा लागतंय, पण गव्हाणीच्या (कारखान्यात ऊस खाली करायच्या जागेच्या) रांगेत आपला नंबर आधी लागतो म्हटल्यावर ते वसूल. धूर आहे, गिअर टाकताना काळा लोट येतो, नंतर विरळ होतो. ज्याला ओढायचंय त्यानं डोळे झाकून पंप वाढवावा. फक्त तो वॉशर."

हो, शेवटचं वाक्य तेव्हाही तेच होतं.

डिसेंबरभर त्या वॉशरनं मला पछाडलं होतं. ओलीचं ठिबकणं झालं. मी खाली पाण्याच्या बाटलीचं टोपण ठेवायला लागलो. सकाळपर्यंत टोपण भरायचं. एवढं डिझेल मातीत जातंय हे काही बघवेना, म्हणून रात्री टाकीचा कॉक बंद करायला लागलो. इथं माझी अक्कल गहाण पडली. कॉक बंद म्हणजे वरून डिझेल यायचं बंद, पण खाली होतं ते रात्रभर गळून पाइप रिकामा, आणि त्याच फटीतून हवा आत. पहाटे चारला ऊसतोड टोळी फडात उभी, मुकादम फोनवर फोन करतोय आणि माझा ट्रॅक्टर स्टार्टरला नुसता घरघरतोय. मग बॅटरीच्या उजेडात फिल्टरचा ब्लीडिंग स्क्रू (हवा काढायचा) ढिला करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे जाऊन नितळ डिझेल येईपर्यंत. असं चार पहाटा झालं. पाचव्या दिवशी घरातून आवाज आला, "त्या डिझेलच्या वासाचा टॉवेल वेगळा ठेवा, नाहीतर ट्रॅक्टरातच आंघोळ करा."

मेस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "वॉशर बदललाय की." मी म्हटलं, बदलला असता तर गळला असता का? ते म्हणाले, "दोन थेंबांनी काय ट्रॅक्टर झिजतोय व्हय?" मी म्हटलं, थेंबांचा प्रश्न नाही, पैसे घेतल्याचा आहे. बोल्ट आणखी आवळून दिला. दोन दिवस थांबलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा टोपण भरलेलं.

जानेवारीत मात्र मत फिरलं, आणि ते वॉशरमुळं नाही.

रात्रीची खेप होती. बॉनेटच्या बाजूचा पत्रा हादऱ्यानं निसटला होता म्हणून काढूनच ठेवला होता. खिंडीच्या वरच्या वळणावर सहज खाली बघितलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या ओतीव पाइपाचा) बाक अंधारात मंद लालसर दिसत होता. आधी वाटलं मागच्या गाडीचा दिवा पडलाय. मागं गाडी नव्हती. ओतीव लोखंड डोळ्याला लाल दिसतंय म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास तापलंय. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचेच असतात. पिस्टन आतल्या जळत्या गॅसएवढा तापत नाही, त्याला तेल आणि पाणी थंड ठेवतं, हे कळतं. पण रात्री अकराला, मागं सतरा टन असताना, एवढं शास्त्र आठवत नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणला आणि सावकाश उतरलो.

त्यानंतर आठवड्याभरात क्लच. चढावर इंजिनचा आवाज वाढतोय, गाडी तेवढीच. मग तो वास आला, जळक्या ब्रेकलायनरसारखा. प्लेट गेली. क्लच ५० घोड्यांच्या हिशेबानं बनवलेला, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. सामान आणि मजुरी १६,००० आणि ऐन हंगामात तीन दिवस ट्रॅक्टर उभा. त्या तीन दिवसांत टोळीला दुसऱ्याची गाडी धरून दिली तिचं भाडं वेगळं. तेलही १५० तासांतच डांबरासारखं काळं झालेलं, एरवी मी ते अडीचशे तासांना बदलतो.

आणि ब्रेक. पंप वाढवला की चढाचं काम सोपं होतं, उताराचं नाही. ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत, सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. चढ झटक्यात संपतो म्हणून भरताना दोन मोळ्या जास्त चढायला लागल्या होत्या, हे मी कबूल करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत असे फेरबदल बसत नाहीत हेही आहेच. अपघात झाला तर विमावाला काय म्हणेल ते सांगायला नको.

तीन दिवस घरी बसल्यावर मोबाईलमधले फोटो बघत होतो. तेव्हा पहिल्यांदा त्या नळ्यांच्या पहिल्या फोटोकडे नीट बघितलं. ५७, ५२, ४७. सरासरी ५२. तक्त्यात ५८. म्हणजे वाढवायच्या आधी माझा ट्रॅक्टर कंपनीनं ठरवलेल्या डिझेलवरसुद्धा चालत नव्हता. एक सिलिंडर ओढतोय, दुसरा साथ देतोय, तिसरा पाव्हण्यासारखा बसलाय. ५० चा ट्रॅक्टर पंचेचाळिसाचा होऊन फिरत होता, वर जुने दोन नोझल फवारा सोडून धार मारत होते. खिंडीत जी जादू वाटली ती किती स्क्रूची आणि किती नुसती तिन्ही नळ्या सारख्या केल्याची?

पंप पुन्हा उतरवला. मेस्त्रींना म्हटलं, तिन्ही ५८ वर आणा, एक सीसी जास्त नको. ते हसले. "वाढवा म्हणणारं तुमीच, कमी करा म्हणणारं बी तुमीच." पण त्यांचं एक मानतो, भांडण असूनही बेंचवर हात चोख. ५८, ५८, ५८. पैसे १,५००.

फेब्रुवारीपासून हंगाम संपेपर्यंत असाच चालवला. खिंड अजून तिसऱ्या गिअरमध्येच पार होते. वरच्या वळणाला आरपीएम जरा उतरतात, इतकंच. धूर जवळपास गेला. रात्री मुद्दाम पत्रा काढून बघितलं, मॅनिफोल्ड काळाच्या काळा. डिझेल खेपेला पावणेबारा लिटर, म्हणजे पंप वाढवायच्या आधीपेक्षाही पाऊण लिटर कमी. ६६ वर मला जे मिळत होतं त्यातला मोठा वाटा ५८ वरच मिळत होता, वरच्या आठ सीसीनं बराचसा धूर आणि उष्णता दिली. फक्त चिखलाच्या रानात फरक जाणवतो, तिथं पुन्हा शेजारच्या ट्रॅक्टरला हाक मारावी लागते. चहावर भागतं.

पुतण्या नाराज आहे. त्याच्या मते मी ट्रॅक्टरचा अपमान केला. ज्यांच्या इंजिनाला टर्बो आहे त्यांना हवेची थोडी उसंत असते, तिथं स्क्रूला पाव फेरा देऊन बघायला हरकत नाही, पण क्लचचे पैसे आधी बाजूला काढून. माझ्यासारख्या बिनटर्बोवाल्यानं आधी पंप बेंचवर लावून नळ्या बघाव्यात आणि वाढवायचं नाव नंतर काढावं.

आता वॉशर. दुसऱ्यांदा पंप बसवताना मी शेजारी बसून बोल्ट स्वतः उघडला. एका अंगाला तांब्याचा जुना, चेपून कडक झालेला वॉशर. दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियमचा, तोही वापरलेला. मेस्त्री त्या वेळी चहा सांगायला बाहेर गेले. जुना तांब्याचा वॉशर गॅसवर लालभडक करून पाण्यात टाकला की मऊ होतो आणि परत बसतो, हे मी आधी घरी करून बघितलं होतं, पण ते एकाच अंगानं थांबत होतं. दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियम निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दोन नवे तांब्याचे घेतले, जोडी तीस रुपये. बँजोच्या तोंडावर एक बारीक ओरखडा होता, तो काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून काढला. त्या दिवसापासून बोट कोरडं.

मग बसून त्या गळतीचा हिशेब केला. टोपणात सात मिलिलिटर मावतं, सिरिंजनं मोजलं. हंगामाच्या दीडशे रात्री रोज गळलं असतं तरी झालं असतं एक लिटर, रुपये नव्वदच्या आसपास. आणि त्याच काळात खेपेला जादा जाणारे दोन लिटर मी "रांगेत नंबर लागतो" म्हणून सोडून देत होतो.

तरी वॉशरचे पैसे मी परत मागितलेत. मेस्त्री म्हणतात पुढच्या बिलात धरतो. शिशाचा शिक्का अजून टूलबॉक्सात आहे, आणि त्याच्या शेजारी तांब्याच्या वॉशरची दहाची पुडी.