एचआर सिस्टिम की एचआर अ‍ॅनालिटिक्स?
एचआरमधली मैत्रीण विचारत होती, सिस्टिमकडे वळू की डेटाकडे?

शिरकाव सिस्टिममध्ये सोपा. वर्कडे किंवा सक्सेसफॅक्टर्स या एचआर सॉफ्टवेअरची बरीच मांडणी कोडिंगशिवाय जमते. पण वर्कडेचे मोठे अपडेट वर्षातून 2 वेळा येतात, तेव्हा चाचण्यांचा ताण असतो. अ‍ॅनालिटिक्सला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि संख्याशास्त्र हवंच. शिवाय निम्मा जीव डेटा साफ करण्यात जातो: 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, एवढ्यावरून सेवाकाळ चुकतो. सरासरी 200 जणांतून वर्षात 30 गेले, गळती 15 टक्के. हे कुणीही काढेल. का गेले, हे शोधणं खरं काम, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

कौशल्य टिकण्यात एसक्यूएल पुढे; सिस्टिमचं ज्ञान त्या सॉफ्टवेअरला बांधलेलं.

प्रक्रिया बिनचूक बसवण्यात समाधान मिळत असेल तर सिस्टिम घे. आकड्यांमागचं कारण सापडेपर्यंत चैन पडत नसेल, तर अ‍ॅनालिटिक्स.