पीटविरहित पॉटिंग मिक्स: पोत उत्तम, चिलटांकडे मात्र लक्ष हवे

पीट (दलदलीत साचलेले अर्धवट कुजलेले शेवाळ) न वापरता नारळाचा भुसा, कुजवलेली साल आणि लाकडी तंतू यांचे केलेले कुंड्यांसाठीचे हे मिश्रण मुठीत दाबल्यास गोळा होते आणि बोटाने हलके ढकलताच मोकळे होते. पोत याहून सरस क्वचितच मिळतो. मात्र पिशवी उघडताच काळी चिलटे उडाली, आणि आतील सालीचे अर्धवट कुजलेले तुकडे पाहता त्याचे नवल वाटले नाही, कारण चिलटांच्या अळ्या ओल्या थरातील बुरशीवर व कुजणाऱ्या पदार्थांवरच पोसतात. पृष्ठभाग लवकर सुकतो, आत ओल टिकते. त्यामुळे नुसते पाहून पाणी घातले की चिलटांचे फावते. वरचे 2 ते 3 सेंटिमीटर कोरडे लागल्यावरच पाणी द्यावे. पिवळे चिकट सापळे फक्त उडणारी चिलटे पकडतात; अळ्यांसाठी त्यांना मारणाऱ्या बीटीआय या जिवाणूचे द्रावण घालावे. पिशवीवर उत्पादनाची तारीख नाही, हे खटकते.