जुन्या पिस्तुलासाठी पेटी: नौपाड्यातल्या फ्रेमवाल्याचं काम

ठाण्याच्या नौपाड्यात देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो मढवणारा एक फ्रेमवाला आहे. माझ्याकडचं ब्रिटिश नौदलाचं चकमकीचं, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार उडणारं पिस्तूल (काना, म्हणजे बत्तीचं भोक, कायमचा बुजवलेला; कागदपत्रं पूर्ण) पेटीसाठी त्याच्याकडे नेलं. काम फार मन लावून केलंय.

वस्तू ‘सी सर्व्हिस’, म्हणजे आरमारासाठीच्या घडणीची. 12 इंची नळी, अक्रोडाचं लाकूड, दस्त्याच्या टोकाला जड पितळी टोपी. गोळी एकदाच सुटायची. पुन्हा ठासायला धुमश्चक्रीत सवड कुठली? मग पिस्तूल उलटं धरून ह्या टोपीनेच हाणायचं. कळीच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्राच्या) पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘जीआर’ म्हणजे जॉर्ज राजाची अक्षरं, आणि मागे ‘टॉवर’ हा लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रागाराचा शिक्का. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी 1774 मध्ये घेतला, हे तेव्हाचंच का, असं घरी येणारे विचारतात. तसं म्हणायला आधार नाही. किल्ला घेतला ईस्ट इंडिया कंपनीने; तिच्या हत्यारांवर तिची खूण असते, हे राजाच्या आरमाराचं.

खरी अडचण डाव्या अंगाच्या लोखंडी आकड्याची. शत्रूच्या जहाजावर चढताना हात मोकळे हवेत, म्हणून पिस्तूल त्या आकड्याने कमरपट्ट्याला अडकवायचे. पण आडवं ठेवलं की सगळा भार त्याच्यावरच येतो. फ्रेमवाल्याने पिस्तूल टेबलावर ठेवून बोटाने हलकेच दाबलं, ते डुगडुगलं तसा म्हणाला, “काका, पेटीला खाली खाच लागणार.” मी काही सांगायच्या आत! आता आकडा खाचेत अधांतरी आहे आणि भार नळी व दस्त्याखालच्या दोन टेकूंवर.

प्लायवूड आणि एमडीएफ मी नको म्हटलं; त्यांतल्या डिंकाची वाफ बंद पेटीत धातूला खाते. लोकरी फेल्टही नको, त्यातल्या गंधकाने पितळ काळवंडतं. त्याने वाद न घालता अ‍ॅल्युमिनियमची चौकट केली आणि आत मांजरपाट लावला, तोही खळ धुऊन काढून. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसाठी तळाला वेगळा खण आहे, त्यामुळे पिस्तुलाला हात न लावता पुड्या बदलता येतात. खाडीकाठच्या पावसाळ्यात ह्या खणाचं मोल मोठं आहे.

ह्याआधी दुसऱ्या एका दुकानात पितळ बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) “सोन्यासारखं” करून देतो म्हणाले होते. तसं केलं असतं तर बारीक शिक्के घासून गेले असते. मी तिथून उठलो. ह्याने मात्र नुसता मऊ कपडा फिरवला.

उणं सांगायचं तर दिलेली तारीख पाळली नाही, आणि झाकणाची बिजागरी जड आहे. आत दिवा बसवायचा आग्रहही धरला. बंद पेटीत उष्णता नको, म्हणून मी नकार दिला.

कुणी असंच काही घेऊन जाणार असेल तर माप आकड्यासकट घ्या. मी लांबीच नीट मोजून नेली होती, खोली त्याने स्वतः मोजली.