चौदा महिने पाण्याची ठिकाणं नकाशावर टाकल्यानंतर: ॲपला 'खारं' कळत नाही

मे महिन्यातली दुपार. दर्यापूरकडच्या एका कृषी केंद्रात वसुलीसाठी बसलो होतो, तेवढ्यात फोनवर मेल आला. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येते अशा फुकट नकाशावर, मी टाकलेल्या एका हापशीबद्दल कोणीतरी लिहिलं होतं: "दुसऱ्या घोटाला थुंकलो. टाकणाऱ्याने कधी चाखून पाहिलं होतं का?"

चाखून पाहिलं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

ज्या ॲपमधून मी या नोंदी करतो त्याचं हे परीक्षण, पण नाव मुद्दाम देत नाही. असली चार-पाच ॲपं आहेत आणि सगळी त्याच एका नकाशात लिहितात. कसं चालतं ते तुम्हाला माहीत असेलच. हापशीजवळ उभं राहिलं की ॲप विचारतं, इथलं पाणी पिता येतं का? उत्तर होय किंवा नाही, वर तशी पाटी लावली आहे का तेवढं सांगायचं. आमच्या हापशीला दांडा असला तरी नशीब, पाटी कुठली?

हा प्रश्न पूर्णेच्या खोऱ्यात विचारून पाहा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला हा खारपाणपट्टा. जमीन काळी, गाळाची, कापसाला चांगली, आणि खाली पाणी भरपूर, पण खारं. त्यातही प्रकार आहेत. गोड, मचूळ, खारं, आणि नुसतं वापराचं, ज्यात वरण शिजत नाही अन् साबणाला फेस येत नाही. त्या हापशीवर मी गेलो तेव्हा एक आजोबा बैल घेऊन आले होते. म्हणाले, "कायले पेता भाऊ, हे ढोराचं पानी हाये." मी विचारलं, तुम्ही कधी प्यायला नाहीत? "पेलो ना. जलमभर हेच पेलो." आता सांगा, होय दाबू की नाही? मी होय दाबलं.

या धंद्यात पडलो कंजूषपणामुळे, समाजसेवा वगैरे डोक्यात नव्हती. बियाण्याच्या एजन्सीचं काम, दिवसभर मोटरसायकलवर अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूर. उन्हाळ्यात वीस रुपयांच्या दोन बाटल्या रोज, पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला हजार रुपये नुसत्या पाण्याचे. हे मला सहन होईना. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सुरुवात केली, आतापर्यंत एकसष्ट ठिकाणं झाली: हापशा, पाणपोया, देवळांचे नळ, पाच रुपयांत वीस लिटर देणारी पाण्याची एटीएमं. एकही बाटली घेतली नाही असं म्हणणार नाही, पण चार-पाचच्या वर नसतील.

सुरुवातीला ॲप फार आवडलं होतं. नेट नसलं तरी चालतं, नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज आली की वर जाते. हापशी दिसली की गाडी थांबवायची खोडच लागली. आपल्या गावोगावच्या मार्क टू हापशीचं मूळ आपल्याच सोलापूर पंपात आहे, हेही याच नादात वाचलं. तेव्हापासून हापशीकडे जरा आपलेपणाने बघतो.

मग त्या मेलनंतर डोकं फिरलं. दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा, मागवला (हो, बाटल्यांच्या बचतीतून) आणि त्या हापशीवर परत गेलो. आकडा आला २३४०. भारतीय मानकात ५०० पर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. म्हणजे मी चुकलो होतो. पण ॲपमध्ये आकडा लिहायलाही जागा नाही! पाचपैकी दोन देऊन मोकळा होणार होतो. हे परीक्षण खरं म्हणजे तेव्हाच लिहायला घेतलं होतं आणि त्यात बरेच वाईट शब्द होते.

ते खोडावे लागले. पुण्याला नोकरीला असलेल्या भाच्याने दाखवलं की ही अडचण नकाशाची नाहीच, ॲपच्या फॉर्मची आहे. मामा, नकाशात कुठलाही टॅग, म्हणजे नोंदीला लावायची खूण, हाताने लिहिता येतो, म्हणाला. खाऱ्या तळ्यांसाठी तर 'सॉल्ट=येस' आधीपासूनच आहे, आपलं लोणार म्हणजे त्यातलंच. दुसऱ्या ॲपातून तोच टॅग हापशीला लावला, 'पिण्याचं पाणी' ला 'नाही' केलं आणि वर्णनात मराठीत लिहिलं: खारं, जनावरांसाठी ठीक. उगाच नकाशाला शिव्या घातल्या. तरी माझं म्हणणं कायम आहे. वाटसरू वर्णन कुठे उघडून वाचतो? त्याला नळाचं निळं चित्र दिसतं आणि तो गाडी वळवतो.

उलट बाजूने सांगायचं तर गोड म्हणजे चांगलं असंही नाही. यवतमाळ जिल्ह्यात साडू राहतो, तिकडे फ्लोराईडची गावं आहेत. फ्लोराईडला ना चव ना वास, मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर १.५. टीडीएस मीटरला ते वेगळं ओळखता येत नाही. तिकडे गेलो की मी या प्रश्नाला हातच लावत नाही.

पाणपोयांची वेगळीच गंमत. गेल्या उन्हाळ्यात अकरा टाकल्या: रांजण, लाल कपडा, एकीवर गाडगेबाबांची दशसूत्री रंगवलेली. पावसाळ्यात ॲपने कोणाला तरी विचारलं, हे अजून इथे आहे का? त्याने खरं ते सांगितलं, नाही. सात उडाल्या. त्याच्यावर चिडून काय उपयोग, मांडवच नव्हता तिथे. यंदा परत टाकताना उघडण्याच्या वेळेत 'मार्च ते जून' लिहिलंय. बघू टिकतात का.

संडास-मुतारीच्या नोंदी मी आठच केल्या आणि त्यांच्याबद्दल अभिमान वाटावा असं काही नाही. 'आहे का' ला होय म्हणायचं, अन् कुलूप असतं, किल्ली समोरच्या पानटपरीवर. बायकोला कौतुकाने एकसष्ट ठिकाणं दाखवली तर ती म्हणाली, "तुम्ही पाणी शोधत फिरा. आम्ही बाया घरून निघताना पाणीच पीत नाही, रस्त्यात जायचं कुठं?" त्यानंतर चार दिवस मी नकाशा उघडला नाही. आता बायांसाठी वेगळी सोय आहे का, आणि दुपारी उघडी असते का, हे टपरीवाल्याला विचारूनच लिहितो. तो माझ्याकडे विचित्र बघतो.

साडेतीन देतो. अर्धा गुण भाच्याचा.

त्या मेलवाल्याला उत्तर पाठवलं: चूक माझी, दुरुस्त केलं, दोनशे मीटरवर मारुतीच्या देवळात नळ आहे, त्याला वान धरणाचं गोड पाणी येतं, तोही टाकलाय. आठ दिवसांनी तो परत त्याच रस्त्याने गेला असावा. त्याचा एका ओळीचा निरोप आला: "नळ आहे. आज पाण्याचा वार नव्हता."