दहा वर्षांची वॉरंटी आणि दोन वर्षांचा कागद

गच्चीला वॉटरप्रूफिंगचे कोट मारून घेतले, त्यावर आता दुसरा पावसाळा सरत आलाय. मालाबद्दल तक्रार नाही. पांढरा थर टिकून आहे, बोटाने घासला तर पीठ लागत नाही आणि खालची खोली उन्हात पूर्वीइतकी तापत नाही. मालाला पाचापैकी चार तारे. पण डब्यावर कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात ‘१० वर्षे वॉरंटी’ छापलंय आणि लोक माल तेवढ्यावरच निवडतात. तेव्हा हिशेब तिचाही व्हायला हवा. तिला मी दोन तारे देते, तेही कागद निदान वाचता येईल अशा भाषेत लिहिलाय म्हणून.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर गेली. त्यामुळे असला कुठलाही कागद मी शेवटच्या पानापासून वाचते. पहिल्या पानावर काय मिळणार ते असतं; शेवटच्या पानावर काय मिळणार नाही, कधी मिळणार नाही आणि कोण ठरवणार ते असतं. घरात बाकीचे रंगांचं कार्ड बघत होते तेव्हा मी हे करत बसले होते.

आमच्याकडे दोन कागद आले. एक कंपनीचा, दहा वर्षांचा. दुसरा काम करणाऱ्या ठेकेदाराचा, त्याच्या लेटरहेडवर, जेमतेम पाऊण पान, दोन वर्षांचा. घरी येणारा जो तो पहिला कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट ठेवायला सांगत होता. मी दुसऱ्याची झेरॉक्स काढून ठेवली.

कंपनीच्या कागदाचं वचन असं: सांगितलेल्या पद्धतीने माल लावला असेल आणि मालातल्या दोषामुळे थर फुटला, सुटला किंवा त्यातून पाणी झिरपलं, तर तेवढ्या भागापुरता नवा माल देऊ. नवा माल, बस्स. जुना थर खरवडायची मजुरी, राडारोडा उतरवणं, परांची बांधणं, खालच्या छताचं प्लास्टर, रंग, भिजलेलं कपाट, यातलं काहीही नाही. शिवाय पहिली तीन वर्षं पूर्ण माल, मग दर वर्षी हिस्सा कमी होत जाणार. म्हणजे नवव्या वर्षी थर सुटला तर हातात दोनचार डबे येतील आणि ते लावायला माणूस आपण शोधायचा. छताच्या कामात मजुरीचा भाग किती मोठा असतो हे ज्याने एकदा बिल भरलंय त्याला सांगायला नको.

बरं, मालातला दोष तसा क्वचितच निघतो. कारखान्यात एका बॅचचा माल बिघडला तर तो सगळीकडेच बिघडतो आणि कंपनीला ते लवकर कळतं. गच्ची गळते ती बहुतेक वेळा सपाट मोकळ्या भागातून नाही. गळते कठड्याच्या बुडाशी, पाईप स्लॅबमधून खाली जातो तिथे, पावसाळी पाण्याच्या तोंडाशी, टाकीच्या स्टँडच्या पायाखाली. या सगळ्या हाताच्या कामाच्या जागा, आणि हाताच्या कामाची जबाबदारी कंपनीच्या कागदात कुठेच नाही. ती ठेकेदाराच्या पाऊण पानात आहे.

आमच्याकडे तेच झालं. खोलीच्या एका कोपऱ्यात चहाच्या डागासारखा पिवळट वर्तुळाकार डाग आला. मी दोन्हीकडे लेखी कळवलं, कारण दोन्ही कागदांत ‘तीस दिवसांच्या आत लेखी’ असं होतं; फोनवर सांगितलेलं धरलं जात नाही.

कंपनीचा इंजिनियर आला, सभ्य होता. आधी बिल मागितलं, मग डब्यांचे बॅच नंबर. ते माझ्याकडे होते, काम चालू असतानाच झाकणांचे फोटो काढून ठेवले होते. मग त्याने ब्लेडने थराचे टिकलीएवढे तीन चौकोन कापले आणि एकेकाची जाडी कॅलिपरने मोजली. थर वाळल्यावर अमुक जाडीचा हवा, हे मालाच्या तांत्रिक पत्रकात असतं आणि सगळी वॉरंटी त्या आकड्यावर उभी असते. मधले दोन तुकडे पुरेशा जाडीचे भरले. कठड्याजवळचा तिसरा जवळपास निम्मा निघाला, शिवाय थर कठड्यावर पुरेसा वर चढवलेलाच नव्हता. साधारण सहा इंच तरी वर न्यायला हवा, तिथे चारच बोटं होता. “मॅडम, माल ठीक आहे, लावण्यात कसूर आहे,” तो म्हणाला. दावा नामंजूर.

मी त्या टेबलावर असते तर मीही नामंजूरच केला असता. रागाचं कारण वेगळं आहे. त्याने कापलेले तीन चौकोन कोणी बुजवायचे, हे कागदात कुठेही नव्हतं, आणि तो तसाच निघून गेला. चांगल्या थराला भोकं पाडून जाणारी तपासणी असेल तर ती भोकं बंद करणं तपासणीतच यायला हवं. अर्धा तारा मी तिथे कापलाय.

ठेकेदार आला तो मात्र हातात चिंध्या घेऊन. “ताई, आधी गच्ची भरून बघू.” पाण्याची तोंडं बंद केली, गच्चीत पाणी उभं केलं. रात्रभर काही नाही. दुसऱ्या दिवशी पातळी आणखी दोन बोटं वाढवली आणि कोपऱ्यातला डाग बघता बघता गडद झाला. थर जिथे संपत होता त्याच्यावर पाणी चढलं आणि मागून शिरलं, इतकं स्पष्ट. त्याने कोपऱ्यातला वाटा (गच्ची आणि कठड्याच्या सांध्यातली सिमेंटची गोलाई) फोडून पुन्हा भरला, जाळी टाकली, कोट कठड्यावर हातभर नेले आणि जाता जाता ते तीन चौकोनही बुजवले. पैसे घेतले नाहीत. खोलीचा रंग आमचा आम्हीच केला. तो त्याच्या कागदात नाही हे त्याने काम घेतानाच सांगितलं होतं. या माणसाला पाच तारे, चूक त्याचीच होती हे धरूनसुद्धा.

आता ते शेवटचं पान. त्यातलं सगळ्यांत घातक कलम साचलेल्या पाण्याचं. पाऊस थांबून ४८ तास झाल्यावरही ज्या भागात पाणी उभं असेल, तो भाग वॉरंटीबाहेर. ॲक्रिलिकचे थर सतत पाण्याखाली राहिले की मऊ पडतात, त्यामुळे कलमाला आधार आहे. पण उतार बरोबर नाही हे कंपनी दावा आल्यावर सांगते, माल विकताना नाही. मीटरला एक सेंटिमीटर एवढा तरी उतार हवा. कामाआधीच एका पावसानंतर मी डबक्याच्या कडेने खडूची रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली आणि फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डबकं आटत गेलेलं दिसतं त्या फोटोंत. उतार कमी असता तर कोट मारण्याआधी तो दुरुस्त करून घ्यायला लावला असता.

नंतर पाडलेली भोकं हे दुसरं कलम. डिश, सौर पॅनेल, कपडे वाळत घालायचे खांब, काहीही स्लॅबमध्ये ठोकलं की त्या भागाची वॉरंटी गेली. काही कागदांत तर पूर्ण गच्चीची जाते. आमच्या भाऊजींनी सौर पॅनेलचं मनावर घेतलंय. त्यांना मी सांगितलं, वजनाच्या ठोकळ्यांवर उभं राहणारं स्टँड घ्या, नाहीतर आधी लेखी परवानगी मागा आणि भोकं आपल्याच ठेकेदाराकडून सील करून घ्या. स्लॅबलाच तडा गेला, इमारत खचली, वादळात फांदी पडली, हे तर कुठल्याच वॉरंटीत नसतं. फांदी विम्यात येते. आणि विमा काय म्हणतो? अचानक झालेलं नुकसान देऊ, हळूहळू झिरपलेलं नाही. हळूहळू झिरपलेल्याचं, मालात दोष नसेल तर, वॉरंटीही काही देत नाही. लोकांची छतं नेमकी या दोन कागदांच्या मधल्या फटीतून गळतात. असे दावे मी ढिगाने परत पाठवलेत.

पोर्चवर पत्रे आहेत, त्यांचा कागद आणखी वेगळा. त्यात गंजून आरपार भोक पडणं आणि रंग उडणं अशा दोन वेगळ्या मुदती आहेत. वरवरचा गंज, कापलेल्या कडेचा गंज आरपार भोकात धरत नाहीत. रंग किती फिका पडला ते पत्रा धुऊन यंत्राने मोजतात. डोळ्यांना दिसतं म्हणून चालत नाही. समुद्रापासून अमुक अंतराच्या आत असाल तर अटी बदलतात. स्क्रू आणि त्यांचे रबरी वॉशर या कागदात नाहीतच, आणि पत्र्याचं छत आधी तिथेच गळतं. एक बारीक गोष्ट: ड्रिल मारताना पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढायला लावा. पहिल्या पावसात त्याचे तपकिरी ठिपके उठतात आणि ते ‘बसवण्यातली कसूर’ ठरतात.

घर विकायचं असेल तर नव्या मालकाला वॉरंटी आपोआप मिळत नाही. आमच्या कागदात एकदाच आणि ठरलेल्या मुदतीत अर्ज केला तर, असं आहे. काही ठिकाणी ‘लाइफटाइम’ लिहिलेलं असतं. ते आयुष्य बहुधा पहिल्या मालकाकडे घर असेतोवरचं असतं.

आणि दुरुस्ती झाली म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही, ती मूळ तारखेपासूनच मोजतात. ठेकेदाराचा कागद त्या हिशेबाने आता संपत आलाय. त्या कोपऱ्यापुरती आणखी दोन वर्षं मी त्याच्याकडून सही-तारखेसह लिहून घेतली आहेत. कंपनीला हेच ईमेलवर विचारलं होतं, उत्तर म्हणून त्यांनी नव्या टॉपकोटचं माहितीपत्रक पाठवलं.