होम असिस्टंट : स्मार्टफोन नसलेल्या घरातील दीड वर्ष

माझ्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि तो बदलण्याचा विचार नाही. घरातील दिवे, बैठकीतला पंखा आणि गच्चीवरील टाकीची मोटर एका जागेवरून चालवता यावी, अशी मात्र इच्छा होती. दुकानात चौकशी केली की ‘आधी मोबाइलवर ॲप घ्या’ हेच पहिले वाक्य ऐकू येई. शेवटी होम असिस्टंट ही घरातील उपकरणे एका जागेवरून चालवणारी मुक्त स्रोत प्रणाली निवडली. पॉलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे.

उभारणीत फोनची गरज कोठेही पडली नाही. संगणकावरून मेमरी कार्डावर प्रणाली उतरवली, ते कार्ड रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात घातले, तो राऊटरला तारेने जोडला आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता व पुढे ८१२३ हा पोर्ट क्रमांक टाकून खाते उघडले. दुहेरी पडताळणीचा सहा अंकी संकेतही संगणकावरील कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून मिळतो.

खरी अडचण प्रणालीची नसून उपकरणांची आहे. सुरुवातीला मी एका कंपनीचा वायफाय बल्ब आणला. त्याचे ॲप टॅबलेटवर कसेबसे उघडले, ओटीपी साध्या फोनवर आला तो पाहून भरला, आणि एवढे करून इंटरनेट गेले की बल्ब आज्ञा ऐकेनासा होई, कारण प्रत्येक आज्ञा त्या कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून येत होती. त्यानंतर झिगबी या वायफायहून वेगळ्या, घरातल्या घरात चालणाऱ्या बिनतारी मानकाचीच उपकरणे घेतली. त्यांच्यासाठी रास्पबेरी पायला एक यूएसबी स्टिक लावावी लागते, आणि नवे उपकरण ब्राउझरमधूनच जोडले जाते. ना खाते, ना ओटीपी. ही स्टिक मात्र यूएसबी ३ च्या खाचेत थेट खोचू नये. त्या खाचेतून होणारा गोंगाट झिगबीच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींमध्ये व्यत्यय आणतो, म्हणून मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून ती दूर ठेवावी. हे कळेपर्यंत माझे दोन आठवडे स्वयंपाकघरातील सेन्सरला दोष देण्यात गेले.

मॅटर या २०२२ मध्ये आलेल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीच्या सामाईक मानकाची उपकरणे जोडताना सहसा ब्लूटूथ आणि होम असिस्टंटचे ॲप लागते. तेथे टॅबलेट उपयोगी पडतो.

बैठकीच्या भिंतीवर लावलेला जुना अँड्रॉइड टॅबलेट हा या मांडणीचा सर्वांत यशस्वी भाग ठरला. फोन एकाचा असतो, भिंतीवरचा पडदा सगळ्यांचा. त्यामुळे आईदेखील मोटर सुरू आहे की बंद, हे जाता-येता पाहते. (मोटरसाठी इलेक्ट्रिशियनकडून वेगळा कॉन्टॅक्टर (जड भार सांभाळणारा विजेचा स्विच) बसवून घेतला आहे, तिचा भार साध्या स्मार्ट प्लगवर टाकू नये.) टॅबलेट सतत चार्जिंगला राहिला की बॅटरी फुगण्याचा धोका असतो. म्हणून त्याचा चार्जरही स्मार्ट प्लगवर आहे : बॅटरी ३० टक्क्यांवर आली की प्लग सुरू होतो, ८० टक्क्यांवर बंद होतो. टॅबलेट अशा रीतीने स्वतःच स्वतःला जेवू घालतो, याचे पाहुण्यांना फार कौतुक वाटते.

वीज जाण्याचा विचार आधीच करावा. राऊटर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर घेतले नाहीत, तर पंखा चालू असूनही पडदा निरुपयोगी होतो. शिवाय अनेक स्मार्ट बल्ब वीज परत येताच आपोआप पेटतात. पहाटे तीन वाजता सगळे घर उजळल्यावर मी त्यांची ‘वीज आल्यावर पूर्वीच्या स्थितीत राहा’ ही सेटिंग शोधून काढली.

घरी कोण आहे आणि कोण बाहेर गेले, हे फोनच्या ठिकाणावरून ओळखण्याची सोय आमच्या घरात अर्थातच चालत नाही. तिची जागा दाराच्या आणि हालचालीच्या सेन्सरने घेतली आहे, पण खुर्चीत स्तब्ध बसून वाचणाऱ्या माणसावर त्यामुळे अधूनमधून अंधार होतो, आणि त्याला हात हलवून आपण असल्याचे कळवावे लागते. बाहेरगावाहून घर पाहण्यासाठी नाबू कासा या कंपनीची सशुल्क सेवा आहे. मी ती घेतलेली नाही. मोटर बंद करायची राहिली असे प्रवासात आठवले, तर साध्या फोनवरून आईला सांगतो.